चष्म्यातला रस्ता

आभासी वास्तवाचा चष्मा डोळ्यांवर चढविला की स्वमग्न मूल रस्ता ओलांडायला शिकते, असे सांगणारी मंडळी आता आपल्याकडेही भेटू लागली आहेत. अशाच एका सद्गृहस्थांनी एका शाळेला हे चष्मे देणगीदाखल देण्याचा मनोदय परवा माझ्याजवळ बोलून दाखविला. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. शंका आहे ती त्या चष्म्यातल्या रस्त्याविषयी.

साधन टाकाऊ आहे असे मुळीच नाही. अमेरिकेत डोरोथी स्ट्रिकलंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन स्वमग्न बालकांवरील प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध केला. ते अवजड शिरस्त्राण मुलांनी स्वीकारले आणि चित्रातल्या रस्त्यावरची मोटार ती ओळखू लागली. अशा चित्रात गर्दी व गोंगाट आधी वगळता येतो, मग थोडाथोडा वाढविता येतो. चूक झाली तरी कोणी चिरडले जात नाही.

पण वाचकहो, आमच्या वरोऱ्यात नागपूर-चंद्रपूर मार्गावर कोळशाचे ट्रक धावतात. एस.टी. थांबण्यापूर्वीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते. माझ्या परिचयाचा एक तरुण तिकिटाचे पैसे अचूक मोजतो. मात्र कंडक्टरने दोनदा खेकसून विचारले की कान झाकून खाली उतरतो. त्याच्यासाठी कोणते चित्र काढावे? हे त्यालाच विचारायला हवे. कोणता आवाज बोचतो, कोणती पाटी आधी दिसते, चष्मा किती वेळ सोसवतो, हे तो सांगेल. बोलून नव्हे, तर बोटाने दाखवून. चित्रकार व यंत्रज्ञ यांनी त्याच्या शेजारी बसावे, एवढेच माझे मागणे.

आणि शिकायचे ते केवळ त्यानेच काय? बाबा आमटे यांच्या आनंदवनात कुष्ठरोग्यांनी पिकविलेली भाजी प्रारंभी याच वरोऱ्याचे लोक घेईनात. दोष भाजीत नव्हता, पिकविणाऱ्यांच्या कसबातही नव्हता. भीती घेणाऱ्याच्या मनात होती, आणि ती ओसरेपर्यंत त्या श्रमाला बाजारात मोल नव्हते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. २०१६ च्या कायद्याने ते घातले. कायदा शिकला, बसस्थानक केव्हा शिकणार? एक चष्मा कंडक्टरच्या आणि दुकानदाराच्याही डोळ्यांवर चढवा. भोंगा त्या मुलाच्या कानात कसा शिरतो, ते त्यांना कळू द्या.

त्या सद्गृहस्थांना मी म्हटले, चष्मे जरूर द्या. पण आधी आठ दिवस त्या तरुणाबरोबर एस.टी.ने जाऊन या. अद्याप त्यांचे उत्तर आलेले नाही.