मटकीला नाक नसतं

आज जेवताना दहावीतल्या मुलाला एक प्रश्न विचारा. झाडं श्वसन कधी करतात?

बरीच मुलं सांगतील, "रात्री. दिवसा ती अन्न तयार करतात."

रागावू नका. शाळेत असताना तुम्हालाही तसंच वाटलं असेल. मला तर पुढेही कितीतरी वर्षं वाटायचं.

झाडांचं श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा उजेडात अन्न तयार होताना ऑक्सिजन जास्त बाहेर पडतो, म्हणून श्वसन झाकलं जातं. मुलाला घरखर्चाचा हिशेब सांगा. कमाई दिवसाची, खर्च मात्र रात्रंदिवस.

दुसरी गफलत शब्दांची. श्वासोच्छ्वास आणि श्वसन, कानाला सख्खी भावंडंच. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत घेणं, बाहेर सोडणं. श्वसन प्रत्येक पेशीत चालतं. तिथे ग्लुकोज मोडतं आणि पोळीभातातली ऊर्जा शरीराला वापरता येते.

हे नुसतं वाचून पटत नाही. घरी करून दाखवा.

विड्याच्या पानाचा थोडा चुना पाण्यात ढवळा. रात्रभर ठेवा. वरची स्वच्छ निवळी अलगद ओतून घ्या. हे काम मोठ्यांनीच करायचं, चुना डोळ्यांत जाता कामा नये.

आता काचेच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत निवळीची एकेक छोटी वाटी ठेवा. एका बरणीत वाटीभोवती मोड आलेली मटकी पसरा. दुसरीत आणखी काही नको. झाकणं घट्ट लावून रात्रभर ठेवा.

सकाळी मटकीशेजारची निवळी दुधाळ दिसेल. हा श्वसनातून बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम. मटकीला ना नाक, ना फुप्फुसं!

ही समज घरातही उपयोगी पडते. कुंडीत सतत पाणी साचलं की तुळस मरते, कारण मुळांनाही श्वसनाला हवा लागते. काहीजण झोपायच्या खोलीतली कुंडी रात्री बाहेर नेऊन ठेवतात. शेजारी घोरणारा माणूस त्या कुंडीपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला कुणी बाहेर काढत नाही.

मुलाचं उत्तर चुकलं तर लगेच खोडू नका. "तुला असं का वाटलं?" एवढंच विचारा, आणि त्याला पूर्ण बोलू द्या.

आणि हो, त्या बरणीतली मटकी उसळीत घालू नका.