दूरदेशीचे गुरुजी

ज्ञान मिळविण्याचे मार्ग अनेक आहेत. ग्रंथ वाचावेत, डोळ्यांनी पाहावे, स्वतः करून पाहावे आणि जाणत्याला विचारावे. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांत सोपा आहे, असे आपल्याला वाटते. कारण विचारायला केवळ तोंड लागते, असा आपला समज असतो. वस्तुतः हाच मार्ग सर्वांत अवघड आहे. ग्रंथ मध्यरात्री उघडला तरी तो रागावत नाही आणि अर्ध्यावर मिटला तरी त्याला वाईट वाटत नाही. माणसाचे तसे नसते. उत्तर देणारा मनुष्य स्वतःचा वेळ, स्वतःचा अनुभव आणि थोडाबहुत विश्वासही आपल्या हाती सोपवीत असतो. मग तो मनुष्य परमुलखात राहणारा, वेगळी भाषा बोलणारा आणि आपण कधीही न पाहिलेला असेल, तर विचारणाऱ्याची जबाबदारी किती वाढते!

अलीकडे विद्यार्थ्यांना लहान लहान संशोधनाचे विषय दिले जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. निरनिराळ्या देशांत भाषा कशी शिकवितात, हा असाच एक सुंदर विषय आहे. त्यासाठी तेथील भाषाशिक्षकांची मुलाखत घ्यावी, ही कल्पनाही उत्तम होय. पूर्वी समुद्रापलीकडे पत्र पोचण्यास आठवडे लागत. आज ते निमिषात पोचते आणि समोरासमोर बसल्याप्रमाणे बोलताही येते. परंतु साधन सुलभ झाले म्हणजे कार्य सुलभ झाले, असे नव्हे. पुष्कळदा असे घडते की, विद्यार्थी कोठून तरी पन्नास पत्ते मिळवितो आणि त्या पन्नासांनाही एकच मजकूर धाडतो : 'आपण भाषा कशी शिकविता, ते कृपया सविस्तर कळवावे.' पंधरा दिवस उलटतात, उत्तर एकाचेही येत नाही. मग परदेशी लोक गर्विष्ठ असतात, असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. माझ्या मते येथे दोष त्या शिक्षकांचा नसतो. ज्याला नेमके काय विचारावयाचे हे ठरलेले नाही, त्याला कोणाला विचारावयाचे हेही सापडत नाही. शिक्षक शोधण्यापूर्वी प्रश्न शोधावा लागतो.

या गोष्टीची साक्ष इतिहासात आहे. जर्मनीत गेओर्ग वेंकर नावाचा एक तरुण अभ्यासक होता. कोणत्या गावची बोली कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. गावोगाव फिरणे एकट्याला शक्य नव्हते. म्हणून 1876 साली त्याने ऱ्हाईन नदीच्या प्रदेशातील शाळामास्तरांकडे काही सोपी वाक्ये छापून पाठविली आणि ती आपल्या गावच्या बोलीत लिहून द्यावीत, एवढीच विनंती केली. वाक्ये अगदी घरगुती होती. एकात हिवाळ्यात उडणारी वाळकी पाने होती, तर दुसऱ्यात घोड्यासह बर्फातून खाली थंड पाण्यात पडलेला एक म्हातारा होता. पुढे वाक्यांची संख्या 40 ठरली आणि काम साऱ्या जर्मन साम्राज्यात पसरले. 40,000 हून अधिक गावांतून उत्तरे आली. त्या कागदांचा संग्रह आजही मारबुर्ग येथे जपून ठेवलेला आहे.

इतक्या मास्तरांनी एका अनोळखी तरुणाला उत्तर का दिले असावे? मला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, प्रश्न लहान होता. शाळा सुटल्यावर एका बैठकीत त्याचे उत्तर लिहिता येत होते. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे. ते उत्तर कोणत्याही ग्रंथात नव्हते. त्या गावी राहणाराच ते देऊ शकत होता. जो प्रश्न आपल्यालाच विचारला पाहिजे असा असतो, त्याचे उत्तर देण्यात मनुष्याला ओझे वाटत नाही, उलट मान वाटतो. 'बर्लिनमध्ये किती लोक राहतात?' असे एखाद्या बर्लिनच्या मास्तराला विचारणे म्हणजे त्याला कोश समजणे होय. कोशाचे काम कोशाकडेच सोपवावे.

अर्थात दुरून विचारण्याला मर्यादाही असतात. मास्तरांनी बोलीतील उच्चार नेहमीच्या लिपीत लिहिले. त्यामुळे एकच अक्षर दोन गावी दोन निराळे ध्वनी दाखवीत असले, तरी कागदावर ते कळेना. फ्रान्समध्ये झील झिल्येराँ या पंडिताने म्हणून दुसरी वाट धरली. त्याने एदमाँ एदमाँ नावाच्या एका साध्या, परंतु तीक्ष्ण कानाच्या गृहस्थाला प्रत्यक्ष पाठविले. 1897 ते 1901 या काळात हा गृहस्थ 639 ठिकाणी गेला आणि हजाराहून अधिक प्रश्नांची उत्तरे त्याने लोकांच्या तोंडून ऐकून टिपून घेतली. एकाने हजारो लोकांना थोडे विचारले. दुसऱ्याने थोड्या लोकांना पुष्कळ विचारले. विद्यार्थ्याजवळ वेळ थोडा असतो. त्याने पन्नास जणांच्या मागे धावण्यापेक्षा एकदोघांचे लक्ष देऊन ऐकावे, हेच त्याला हितकर आहे. आज दूरदेशीचा आवाजही ऐकता येतो. तेव्हा कानांचा उपयोग करावा.

आता असा योग्य शिक्षक सापडावा कसा? पुष्कळांचा समज असा की, मोठ्या विद्यापीठातील मोठ्या प्राध्यापकालाच गाठले पाहिजे. हा समज सोडून द्यावा. आरंभ जवळून करावा. पुणे-मुंबईसारख्या शहरांत मॅक्सम्यूलर भवनात जर्मन आणि आलियांस फ्रांसेझमध्ये फ्रेंच शिकविली जाते. अनेक महाविद्यालयांत परक्या भाषांचे अध्यापक आहेत. प्रथम त्यांच्याकडे जावे, त्यांचे ऐकावे आणि मग नम्रपणे विचारावे, 'त्या देशात याविषयी अधिक कोण सांगू शकेल?' ओळखीने ओळख वाढते. जो जवळच्याला विचारून आला आहे, त्याच्यासाठी दूरचे दार लवकर उघडते. शिवाय शाळेतील मुलांनी आपल्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या संमतीनेच परक्या व्यक्तीशी संपर्क साधावा. त्यात मुलांचे रक्षण आहे आणि पत्र घेणाऱ्यालाही भरवसा वाटतो.

आपल्या विद्यार्थ्यांना तर एक विशेष जवळचे क्षेत्र उपलब्ध आहे, ते म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक कुटुंबे ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून त्या बेटावर गेली. त्यांचे वंशज आज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. बहुतेक घरांत क्रिओल भाषा बोलली जाते. मराठी मात्र शाळांतून पूर्वजांची भाषा म्हणून शिकविली जाते. मोका येथे 1970 साली महात्मा गांधी संस्था स्थापन झाली. तेथेही भारतीय भाषांच्या अध्यापनाचे कार्य चालते. जी भाषा आपल्याला पाळण्यात मिळाली, ती तेथील मुले बाकावर बसून मिळवितात. तेथील शिक्षकाला 'मॉरिशसमध्ये मराठीची स्थिती कशी आहे?' असे विचारले, तर तो बिचारा कोठून आरंभ करणार? पण असे विचारून पाहा : 'क्रिओल भाषेत नामांना लिंगभेद नाही. मग तो दगड, ती भिंत आणि ते झाड, हे आपण मुलांना प्रथम कसे समजावून देता?' हा प्रश्न वाचताच त्या शिक्षकाला स्वतःचा वर्ग आठवेल, एखाद्या मुलाची गमतीची चूक आठवेल आणि तो बोलू लागेल. शिवाय त्याचे उत्तर ऐकताना आपल्याच भाषेविषयी आपण कधी न केलेला विचार आपल्याला करावा लागेल. दूरच्या शिक्षकाच्या मुलाखतीचे खरे फळ हेच आहे.

परंतु सर्वच प्रश्न इतके सुखाचे नसतात. न्यूझीलंडमधील माओरी लोकांची गोष्ट पाहा. तेथे एक काळ असा होता की, शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. हळूहळू घराघरांतून ती भाषा मावळू लागली. तेव्हा 1982 साली त्या समाजाने 'कोहांगा रेओ', म्हणजे 'भाषेचे घरटे', या नावाच्या बालशाळा सुरू केल्या. ज्या आजी-आजोबांच्या ओठी भाषा उरली होती, त्यांनाच तेथे नातवंडांमध्ये आणून बसविले. त्यांच्याजवळ पदव्या नव्हत्या, भाषा होती. पुढे 1987 साली माओरी भाषेला कायद्याने राजभाषेचा मान मिळाला. भाषेचा शिक्षक कोणाला म्हणावे, याचे उत्तर या आजीबाईंनी दिले आहे.

अशा एखाद्या वृद्ध शिक्षिकेला 'आपल्याला लहानपणी शाळेत शिक्षा झाली होती काय?' असे पहिल्याच पत्रात विचारणे उचित होईल काय? आपल्या वहीतील ती एक ओळ असेल. तिच्या आयुष्यातील ती एक जखम असते. लिंडा तुहिवाई स्मिथ या माओरी विदुषीने 1999 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात संशोधकांच्या वागणुकीची कठोर परीक्षा केली आहे. बाहेरून माणसे आली, त्यांनी विचारले, लिहून घेतले आणि ती निघून गेली. ज्यांचे ज्ञान नेले त्यांच्या पदरी काही पडले नाही, ही तिथल्या समाजाची व्यथा आहे. शाळकरी विद्यार्थ्याचे संशोधन लहान असेल, पण सभ्यता लहान असून चालत नाही. कोणत्या प्रश्नाचे उत्तर न देण्याची मोकळीक आहे, हे आधीच सांगावे आणि मौन हेही एक उत्तर मानून पुढे जावे.

पत्र कसे लिहावे, याविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपण कोण, कोणत्या इयत्तेत शिकतो आणि कोणत्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली काम करीत आहोत, हे आरंभी दोन ओळींत लिहावे. त्या विषयावर आपण काय वाचले, ते एका ओळीत सांगावे. मग एक प्रश्न, फार तर तीन. किती वेळ लागेल आणि उत्तराचा उपयोग कोठे करणार, तेही स्पष्ट लिहावे. प्रत्यक्ष बोलणे ठरल्यास तिकडचे घड्याळ पाहावे. पुण्यात दुपारचे साडेतीन वाजतात, तेव्हा मॉरिशसमध्ये दोन वाजलेले असतात. न्यूझीलंडमध्ये मात्र रात्रीचे दहा किंवा अकरा. उत्तर आले नाही, तर काही दिवसांनी एकदा स्मरण द्यावे. दुसऱ्यांदा देऊ नये. शिक्षकाला आपल्या पत्राखेरीज स्वतःचे विद्यार्थीही असतात.

उत्तर मिळाले म्हणजे काम संपले, असे नाही. खरे कर्तव्य तेथूनच सुरू होते. लिहून घेतलेला मजकूर त्या व्यक्तीला दाखवावा आणि 'आपण असेच म्हणालात ना?' असे विचारावे. नाव छापू का, याची परवानगी घ्यावी. एका शिक्षकाचे मत म्हणजे साऱ्या देशाचे मत, असे लिहू नये. आणि ऋण मान्य करावे. विल्यम केरीने 1805 साली सेरामपूर येथे मराठी भाषेचे व्याकरण छापले. फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांचे साहाय्य त्याला लाभले होते. केरीचे नाव आज अनेकांना ठाऊक आहे. वैजनाथ पंडितांचे किती जणांना आहे? त्या काळी दूरदेशीचा विद्यार्थी आपल्या गुरुजींकडे आला होता. आज आपण दूरदेशीच्या गुरुजींकडे जात आहोत. आपल्या पंडितांचा विसर पडलेला आपल्याला जसा खुपतो, तसा त्यांचा विसर त्यांच्या देशबांधवांना खुपेल, हे ध्यानी ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, 'एवढा खटाटोप कशाला? ग्रंथ आहेत आणि आता तर क्षणात उत्तर देणारी यंत्रेही आहेत.' त्यांचा उपयोग अवश्य करावा. पूर्वतयारीसाठी तो करावाच. पण यंत्र आणि ग्रंथ आधी कोणी तरी सांगून ठेवलेलेच सांगतात. आज सकाळी वर्गात एक मूल कोठे अडखळले आणि त्याला हात देण्यासाठी आपण काय केले, हे फक्त शिक्षकच सांगू शकतो. ते अजून कोठे लिहिलेले नसते. कित्येक भाषांच्या बाबतीत तर ते सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत. ती माणसे गेली म्हणजे प्रश्न शिल्लक राहतील, पण उत्तरे राहणार नाहीत.

म्हणून विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे, दूरच्या दूर जाऊन विचारावे. मात्र जाताना वाचनाची शिदोरी आणि एक नेमका प्रश्न बरोबर न्यावा, आणि परतताना केवळ उत्तर घेऊन येऊ नये, आपले लिहून झालेले काम त्या गुरुजींच्या हाती ठेवून यावे. घेतलेले ज्ञान अशा रीतीने परत केले, म्हणजे त्या दाराशी पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यालाही ते दार उघडे सापडेल.