सायकलीची चौकट घरीं करावी काय ?

बेटांतील बांबू विकावयाचा व आलेल्या पैशांत कारखान्याची सायकल आणावयाची, हा व्यवहार आपल्या शेतकरी बंधूंच्या इतका अंगवळणी पडला आहे, कीं त्याच बांबूची सायकल होते असें सांगितल्यास पुष्कळांस ती थट्टा वाटेल. परंतु १८९४ सालींच लंडनच्या प्रदर्शनांत बांबूची सायकल मांडलेली होती. पुढें पोलादी नळ्यांपुढें ती मागें पडली. शंभर वर्षांनीं अमेरिकेंतील क्रेग कॅल्फी यांनीं ती पुन्हां उजेडांत आणिली, आणि आज घाना देशांत व आपल्या पुण्यांतही अशा सायकली तयार होतात.

तथापि स्वस्त पडेल या आशेनें कोणीं यांत हात घालूं नये. चाकें, चेन, राळ हीं सर्व विकतच घ्यावीं लागतात. चौकट घरीं करावयाची ती मापासाठीं. बाजारी सायकल ठराविक दोनतीन मापांची असते. दुधाच्या किटल्या मागें लटकाविणारास ठाऊक आहे, कीं पायडल मारतांना टांच किटलीवर आपटते. मागचें चाक चार बोटें मागें घेतलें म्हणजे ही पीडा जाते. वरची दांडी उतरती ठेविली तर घरांतील बायकांसही तीच सायकल चालते. हें कोणता कारखाना आपल्यासाठीं करून देणार ?

आमची पहिली चौकट मात्र फुकट गेली, आणि दोष सर्वस्वीं आमचाच. श्रावणांत बांबू तोडला, महिनाभर वाळविला, आणि शिमग्याला पाहतों तों दांडींतून पिवळी भुकटी गळत आहे ! कांबींत पिष्ट असतें, आणि भुंग्याला तेंच हवें असतें. तीन वर्षांचा निबर बांबू थंडींत तोडून, टांकणखार व बोरिक ॲसिडाच्या पाण्यांत मुरवून, सावलींत कांहीं महिने वाळवावा, हें आम्हीं नंतर शिकलों. कोंकणांतील माणगा भरीव व सरळ असतो. तो वजनास जड, पण ओझ्याच्या सायकलीस आम्हांस तोच पसंत.

सगळी मदार सांध्यांवर आहे. कांबीचें चकचकीत साल खरवडल्यावांचून राळ धरीत नाहीं. मग इपॉक्सी राळेंत भिजविलेल्या तागाचे वेढे घट्ट आवळून द्यावे. पायडलांचा आंस व हँडल ज्या नळ्यांत फिरतात त्या, आणि मागील आंसाच्या खांचा, जुन्या मोडक्या सायकलीच्या कापून घ्याव्या. मागील एका खांचेपासून हँडलच्या नळीस वळसा घालून दुसऱ्या खांचेपर्यंत सुतळी ताणावी. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचें अंतर सारखें भरलें तरच चौकट सरळ. पुढचा चिमटा पोलादीच असावा. तो मोडला तर माणूस तोंडावर पडतो, तेथें हौस नको. प्रथम धान्याचें पोतें लादून महिनाभर शेतरस्त्यावर हिंडवावी आणि मगच पोराला शाळेस न्यावें.

तोडीच्या परवान्याची पूर्वींची भीतिही आतां उरली नाहीं. १९२७ च्या वनकायद्यास २०१७ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वनाबाहेर वाढलेला बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येंतून वगळला आहे.

ज्या सभासदांनीं अशी चौकट केली असेल त्यांनीं आपला अनुभव अवश्य लिहून पाठवावा. सांधा सुटला असल्यास तो कोठें व किती ओझ्याखालीं सुटला, हें आधीं कळवावें.