जाहीर आवाहन : तालुक्याची प्रयोगशाळा वाचवायला या

तालुक्यातील सर्व नागरिक, सरपंच, बचत गटांच्या ताई, शिक्षक आणि आमचे व्यवसायबंधू-भगिनी यांस,

गेल्या आठवड्यात साथरोग आढावा बैठकीत आमच्या प्रतिनिधींनी रिक्त पदांचा विषय काढला. एका वरिष्ठांनी हसत विचारलं, "आता सगळं मशीनच करतं ना? बटण दाबायला कोणीही चालेल." आणखी दोघे-तिघे हसले. आम्हाला हसू आलं नाही, कारण त्याच दिवशी सकाळी आमच्या एका एलटीने, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाने, राजीनामा दिला होता. नऊ वर्षं कंत्राटी. दरवर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा खंड, पुन्हा ऑर्डर, आणि पगार कधी येईल याचा नेम नाही. दहा वर्षं झालेल्यांचं समायोजन करण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ ला निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९ ऑगस्ट २०२५ पासून राज्यभरातल्या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना संपावर बसावं लागलं. पुढे गेलेल्यांचे हे हाल बघून आमच्या पोराने दहाव्या वर्षाची वाट पाहिली नाही. तो शहरातल्या खासगी लॅबमध्ये गेला. त्याच्या टेबलावरचं क्षयरोग तपासायचं ट्रूनॅट मशीन आता प्लास्टिकच्या कव्हरखाली आहे. बटण दाबायला अजून कोणी आलेलं नाही.

बटण काय असतं ते एकदा सांगूनच टाकतो.

क्षयरोगाचा संशयित रुग्ण येतो. बहुतेक जण डबीत लाळ आणून देतात. एलटी ती परत करतो. "आजी, ही थुंकी झाली. दीर्घ श्वास घ्या, छातीतून खाकरा." आजी चिडते, हा हसतो, तिला मोकळ्या हवेत नेऊन उभी करतो आणि पाच मिनिटांनी खरा बेडका मिळतो. त्याची स्लाइड फार जाड झाली तर रंग उतरत नाही, फार पातळ झाली तर जंतू सापडत नाहीत. म्हणून आमच्या गुरूंनी शिकवलं होतं की स्लाइड वर्तमानपत्रावर धरायची. खालची अक्षरं जेमतेम वाचता आली की जाडी बरोबर. मग कार्बोल फुक्सिन, आम्ल, मिथिलिन ब्लू आणि तेलाच्या लेन्सखाली शंभर फील्ड. एका माणसाने दिवसाला पंचविसाच्या वर अशा स्लाइड पाहू नयेत, डोळे दगा देतात. मशीन आलं म्हणून हे संपलं नाही. मशीनलाही तोच बेडका लागतो, तो पातळ करावा लागतो, मोजून घालावा लागतो, आणि स्क्रीनवर "इनव्हॅलिड" आलं की चूक नमुन्यात, चिपमध्ये की हाताच्या घाईत, हे माणसालाच ओळखावं लागतं. हे ट्रूनॅट शेजारच्या गोव्यात बनतं, जागतिक आरोग्य संघटनेनं ते वाखाणलं. आम्हालाही त्याचा अभिमान आहे. म्हणून तर ते कव्हरखाली बघवत नाही.

पाण्याचंही तसंच. नळाच्या पाण्याचा नमुना घ्यायच्या निर्जंतुक बाटलीत थोडं सोडियम थायोसल्फेट घालून ठेवावं लागतं. ते विसरलं तर पाण्यातलं टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाटेत, बाटलीतच जंतू मारत राहतं, आणि दूषित पाणी कागदावर शुद्ध ठरतं. नमुना थंड ठेवून चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवला पाहिजे. यंदा जुलैत आपल्याच तालुक्यातल्या एका वाडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले, तेव्हा बाटल्या चोवीस तास उलटूनही कार्यालयाच्या कपाटात होत्या. नेणारा एलटी दुसऱ्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, अतिरिक्त कार्यभारावर होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार इकडे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिकडे. जंतूंना हे वेळापत्रक कोणी कळवलं नव्हतं.

हे आपल्याच तालुक्याचं दुखणं म्हणाल तर मागे बघा. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण निघाले, पुढच्या महिन्यात सुरत रिकामं झालं. लाखो माणसं पळाली, परदेशांनी विमानं थांबवली. आणि तो खरोखर प्लेगच होता का, यावर आपण महिनोन्‌महिने भांडत बसलो, कारण प्लेग ओळखणारे हात आपण मधल्या वर्षांत कमी होऊ दिले होते. साथ नाही म्हणून माणूस काढायचा, साथ आली की माणूस शोधायचा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा आठवा. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात माकडतापाने माणसं मेली, ऐन काजूच्या हंगामात. नमुने जिल्ह्याबाहेर जायचे आणि घरचे अहवालाकडे डोळे लावून बसायचे. २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी-कोयलारीत विहिरीच्या पाण्याने बळी घेतले. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी इथे जीबीएस, म्हणजे गुलेन-बारे सिंड्रोम. पुण्यासारख्या शहराजवळ! दोनशेच्या वर रुग्ण.

उलट उदाहरणही सांगतो, नाहीतर म्हणाल हे रडगाणंच गातात. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. तिथून नमुने नीट घेऊन, थंड ठेवून पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, पाठवले आणि राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. गाव छोटं, नमुना चांगला, पुढचं काम सुरळीत.

आणि कोविड. राज्यातला पहिला रुग्ण ९ मार्च २०२० चा. तेव्हा तपासणी पुण्याची एनआयव्ही, मुंबईचं कस्तुरबा आणि नागपूरचं मेयो अशा मोजक्या ठिकाणी होती. पुढे गावोगावी स्वॅब घेतले ते कोणी? पीपीई किटमध्ये आठ-आठ तास पाणी न पिता, मे महिन्याच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये? आमच्या एलटींनी. आपण थाळ्या वाजवल्या. आज त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला आठवतात? आमच्या संघटनेच्या वहीत ती सगळी आहेत. त्या दोन वर्षांत या तालुक्यातली एकही प्रयोगशाळा एक दिवससुद्धा बंद राहिली नाही, हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो.

"पैसा नाही" असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्राने आरोग्याच्या पायाभूत सुविधांसाठी ६४,१८० कोटींची योजना सुरू केली, त्यात जिल्ह्या-जिल्ह्याला एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा होती. इमारतीला पैसा, फरशीला पैसा, फीत कापायला पैसा. "कायम केलं की लोक काम करत नाहीत" हे म्हणणारे स्वतः कायम आहेत, तेव्हा त्यावर न बोललेलं बरं. "बाहेरच्या कंपनीला द्या, स्वस्त पडतं" हे मात्र ऐकायला गोड लागतं. साखर, थायरॉइडच्या तपासण्या ती करीलही. पण वाडीतल्या विहिरीचं पाणी पावसात चालत जाऊन कोण आणणार? आणि एकाच आळीतून तीन दिवसांत हिवतापाच्या चार पॉझिटिव्ह स्लाइड आल्या, हे कोणाच्या लक्षात येणार? रिपोर्टगणिक पैसे घेणाऱ्याला आळी माहीत नसते.

प्रयोगशाळेला माणसं देताना हात आखडायची सवय आजची नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यावर लस शोधायला बसलेल्या हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा आणि मदतीला एक कारकून, तीन शिपाई मिळाले होते. सरकारी खाक्या जुनाच आहे म्हणायचा.

आमच्याच लोकांनाही दोन शब्द. न पाहिलेल्या लॅबच्या रिपोर्टवर सही भाड्याने देणारे डीएमएलटी पदविकावाले आमच्यात आहेत. त्यांच्यामुळे आमचं तोंड बंद होतं. ही सही थांबवा, नाहीतर संघटनेत येऊ नका.

आता कामाचं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव घ्यावा: आमच्या पीएचसीला पूर्णवेळ एलटी हवा, अतिरिक्त कार्यभारावरचा नको. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषदेकडे, पोच घेऊन. सुशिक्षित तरुणांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावेत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. विचारायचं एवढंच: एलटीची मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राटी किती, गेल्या पाच वर्षांत सोडून गेले किती आणि कामावर असलेल्यांना प्रशिक्षण शेवटचं कधी दिलं. शेवटचे दोन प्रश्न कोणी विचारतच नाही, ते विसरू नका. रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी महिन्यातून एकदा प्रयोगशाळेत जाऊन उभं राहावं, स्टूल तरी धड आहे का बघावं. पाणी तपासायचं प्रशिक्षण घेतलेल्या गावातल्या ताईंनी तपासणीचं किट मुदतीत आहे का ते आजच पाहावं. निवृत्त एलटींनी आठवड्यातून दोन दिवस द्यावेत, नवी पोरं स्लाइड धरायलाही घाबरतात. मानधन मिळणार नाही, चहा मिळेल. आणि पालकहो, मुलीला डीएमएलटी करायचं असेल तर करू द्या, पण तिला सरकारी नोकरीत ठेवायची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पंचायत समितीच्या सभागृहात बैठक आहे. भाषणं नाहीत, अर्जांचे नमुने तयार ठेवलेले आहेत, लिहून न्यायचे. येताना आपल्या गावच्या पाण्याच्या तपासणीचा शेवटचा अहवाल घेऊन या. अहवाल नसेल तर सरपंचांना घेऊन या.

तालुका प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या वतीने,
एक निवृत्त एलटी