आपली झडती आपणच का द्यावी?

डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. आठवडाभरात टक्कल पडे. प्रथम संशय पाण्यावर गेला, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचे पथक आले; पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. शास्त्र आपल्या गतीने चालले होते. पण त्या दिवसांत ज्या घरातील मुलाने भ्रमणध्वनीवर ‘केस का गळतात?’ असे विचारले असेल, त्याच्या पाठीमागे तेला-मलमांच्या जाहिराती लागल्या असतील, हे सांगावयास ज्योतिषी नको. संकट गावाचे, बाजार दुसऱ्याचा!

आंतरजालावरील हा व्यवहार नीट समजून घेतला पाहिजे. आपण एक पान उघडतो, तेव्हा त्याआड दडलेल्या अनेक कंपन्यांना आपली वर्दी जाते. आपले ठिकाण, यंत्र, वेळ, आवडनिवड यांची नोंद होते आणि पान दिसण्यापूर्वीच आपल्या नजरेचा लिलाव होतो. पुढचे काम अल्गोरिदमचे. बोट कोठे थबकले, एवढेच तो पाहतो आणि तेच पुनःपुन्हा पुढ्यात टाकतो. सत्य, संस्कार, समाजहित हे त्याचे निकषच नव्हेत. आपण किती वेळ खिळून राहिलो, हाच त्याचा निकष.

‘आमच्याकडे लपविण्यासारखे आहेच काय?’ असा प्रश्न सज्जन माणसे विचारतात. घराला दार असते ते चोरीचा माल दडविण्यासाठी नव्हे, घराचे घरपण राखण्यासाठी! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला, तो उगाच नव्हे. शिवाय प्रश्न एकट्याचा नाही. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात फेसबुकने २०१८ मध्ये दिलेली आकडेवारी पाहा : भारतात ते अ‍ॅप घेणारे जेमतेम ३३५, माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची! एकाच्या गाफीलपणाची किंमत सारा गोतावळा मोजतो.

२९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. आपण टाळ्या वाजविल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच मुले अमेरिकी कंपन्यांच्या चित्रफितींत बुडाली. मालक बदलला, दास्य तेच राहिले. स्वदेशीचा शिक्का मारलेले अ‍ॅपही हीच हेरगिरी करणार असेल, तर त्यालाही हाच न्याय लावला पाहिजे.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींस मनाई केली आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु नियम अधिसूचित व्हावयास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि प्रमुख तरतुदींसाठी आणखी अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. कायद्याची वाट पाहत बसणे हा आपला स्वभाव नव्हे.

आरंभ घरातून करावा. फायरफॉक्स वा ब्रेव्हसारखा माग रोखणारा ब्राउझर वापरावा. शोधासाठी डकडकगोसारखे, शोधांची नोंद न ठेवणारे यंत्र घ्यावे. अ‍ॅपना दिलेली ठिकाणाची व ध्वनिग्राहकाची परवानगी काढून घ्यावी. यूट्यूबवरील पाहण्याचा इतिहास बंद करावा. कुकीजना सरसकट होकार देऊ नये. ‘खासगी खिडकी’वर मात्र विसंबू नये, ती फक्त आपल्या यंत्रावरील खुणा पुसते, बाहेरचे डोळे मिटत नाही. आणि वृत्तपत्र वाचावयाचे असेल, तर त्याचा पत्ता स्वतः लिहून तेथे जावे. वाढलेले ताट मुकाट्याने गिळू नये.

जिजाऊंच्या सिंदखेडराजाचा हा जिल्हा. स्वराज्याचे पहिले धडे त्या माऊलीने घरातच दिले. आपल्या मनावर राज्य कोणाचे, याचाही निर्णय आज घरातच व्हावयाचा आहे. आपण काय पाहावे, हे दूरदेशीचे यंत्र ठरविणार असेल, तर स्वराज्याच्या गप्पा कशासाठी?