किडे खाणारे रोप घरी लावायचे आहे?



गौरी-गणपती आटोपले की कासच्या पठाराकडे गाड्यांची रीघ लागते, आणि मागोमाग आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, पठारावर किडे खाणारं झाड असतं म्हणे. ते घरी कुंडीत लागेल का?" विचारणारी बहुधा शाळकरी मुले असतात, नाहीतर विज्ञान प्रदर्शनाच्या धाकाने घाबरलेली त्यांची आई. क्वचित एखादा मुलगा रुमालात गुंडाळलेले रोपही दाखवतो. ते तोवर मान टाकून बसलेले असते.

उत्तर आधीच देऊन टाकतो. उपटून आणलेले रोप लागत नाही. बियांपासून मात्र ते घरी होते, पण आपली शेतीतली नेहमीची सवय बाजूला ठेवली तरच.

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तिथे किडे खाणाऱ्या वनस्पती दोन तऱ्हेच्या आहेत. एक दवबिंदू. त्यातला गवती दवबिंदू उभा वाढतो, पाने गवतासारखी बारीक. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. दुसरा, ड्रॉसेरा बर्मानी, जमिनीला चिकटून बसतो आणि एखाद्या जुन्या नाण्याएवढाच दिसतो. दोघांच्याही पानांवर केस असतात व प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. किडा त्यावर बसला की अडकतो, केस त्याच्यावर वाकतात आणि पान त्याला पचवते. दुसरी वनस्पती म्हणजे निळ्याजांभळ्या फुलांची सीतेची आसवे. हिचे फूल सगळे पाहतात, सापळा कोणी पाहत नाही, कारण तो चिखलात असतो. मोहरीपेक्षा लहान फुगे असतात, त्यांना झडप असते, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव जवळ आला की फुगा त्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत ओढून घेतो. हिच्या वाटेला घरी जाऊ नका. आपण दवबिंदूचेच पाहू.

ही झाडे किडे का खातात? हौस म्हणून नव्हे. सड्यावर जांभा दगड, वर वीतभरही माती नाही, आणि पावसाळाभर पाण्याची धार. नत्र टिकणार कुठे? उसाला आपण युरियाची पोती देतो, या झाडाला तेच नत्र किड्याच्या अंगातून मिळवावे लागते. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली या वनस्पतींवर अख्खे पुस्तक लिहिले. त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८७८ साली आपल्या कृषी केंद्रावर करतात तसाच प्रयोग केला. दवबिंदूच्या काही झाडांना मांस भरवले, काहींना उपाशी ठेवले. भरवलेल्या झाडांना बी कितीतरी जास्त आले. म्हणजे किडा हे त्याचे खतच. फरक एवढाच, की ते खत पानातून घेते. मुळाला दिलेले खत त्याला सोसत नाही.

आणि इथेच घरोघरी घोटाळा होतो. रोप मलूल दिसले की आपण चिमूटभर युरिया टाकतो, शेणखत घालतो, निदान पाणी तरी वाढवतो. पाणीही बोअरचे. वाळवा-मिरजेकडच्या वाचकांना क्षारपड जमीन म्हणजे काय ते मी सांगायला नको. तशी जमीन आपण कुंडीत हाताने तयार करतो आणि झाड नाजूक होते म्हणून मोकळे होतो.

उपटलेले का लागत नाही, तेही ऐका. ही वर्षायू झाडे आहेत. पावसाळ्यात उगवतात, फुलतात, पाणी आटले की बी टाकून मरतात. पर्यटक पठारावर जातात तेव्हा त्यांचे आयुष्य उताराला लागलेले असते. काढणीला आलेली बाजरी उपटून कोणी कुंडीत लावील का? शिवाय उपटले ते झाड बी न टाकताच गेले, म्हणजे पुढच्या साली त्या जागी तितके कमी. पठार वन खात्याकडे आहे, तिथून रोप काय, बीसुद्धा आणायचे नाही. आसपासच्या गावांतली माणसे समितीमार्फत त्याची राखण करतात आणि त्या हंगामावर कित्येक घरांना चार पैसे मिळतात, हेही मुलांना सांगा.

मग बी आणायचे कुठून? जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात ज्यांची स्वतःची खाचरे आहेत, त्यांनी भातकापणीच्या सुमारास ओलसर, उघडे बांध नीट न्याहाळावेत. गवती दवबिंदू अशा जागी सापडू शकतो. सापडला तर एक-दोन झाडांची तपकिरी झालेली बोंडे घ्या, बाकीची तशीच राहू द्या. बी काळे, तंबाखूच्या बियांपेक्षाही बारीक. कागदाच्या पुडीत जूनपर्यंत कोरड्या जागी ठेवा. ज्यांच्याकडे बांध नाही त्यांनी घरी झाडे वाढवून बी धरणाऱ्या एखाद्या हौशी माणसाकडून मागून घ्यावे.

पहिला पाऊस होऊन छप्पर धुऊन निघाले, की पन्हळीचे पाणी प्लॅस्टिकच्या घागरीत भरून ठेवा. सिमेंटच्या टाकीतले नको, त्यात चुना उतरतो. कुंडी प्लॅस्टिकची, तळाला भोके असलेली. तिच्यात काथ्याचा भुसा आणि जाड वाळू निम्मी-निम्मी. भुसा पावसाच्या पाण्यात चार-पाच वेळा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असते. वाळूवर थोडे व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती नको. माती, शेणखत, गांडूळखत काहीही घालायचे नाही. हे वाचून आमच्या काही मंडळींचा हात अडखळेल, पण नाहीच घालायचे.

तंबाखूचे बी आपण राखेत मिसळून फोकतो. इथे राख चालत नाही, क्षार असतो. चिमूटभर बारीक धुतलेल्या वाळूत मिसळा व वरच्यावर भुरभुरा. झाकू नका, उगवायला उजेड लागतो. कुंडी बोटभर पाण्याच्या परातीत ठेवा म्हणजे ओल खालून चढेल, वरून पाणी घालू नका, बी वाहून जाईल. पागोळीखाली तर मुळीच नको. सुरुवातीला काचेचा तुकडा ठेवला तर थेट पावसाचा मारा चुकतो. दोन-चार आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढी रोपे दिसतात, कधी जास्तही लागतात. गवती दवबिंदूचे बी विशेष आळशी. रोपे दिसली की काच काढून हळूहळू उन्हात आणा. किडे त्यांचे ते पकडतात. मुलांना मटणाचा तुकडा भरवू देऊ नका, पान कुजते.

यात कोणी मिळकत शोधू नये. डासांचा किंवा मावा-तुडतुड्यांचा बंदोबस्तही याने होत नाही, तसे सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नका. तसेच मोबाइलवर मागवलेल्या, रंगीत चित्राच्या पुडीतल्या 'व्हीनस फ्लायट्रॅप'च्या बियांचे. ते झाड मूळचे अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाचे. त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते, बियांपासून पूर्ण वाढायला चार-पाच वर्षे जातात, आणि पुडीत भलतेच बी निघाल्याच्या तक्रारी फार. लेबल नसलेले सोयाबीनचे बियाणे आपण घेत नाही, मग हे का घ्यावे? त्या देशातही रानातून ही झाडे चोरून नेत. २०१४ पासून नॉर्थ कॅरोलिनात तो गंभीर गुन्हा आहे.

दिवाळीनंतर तुमची रोपे काळी पडू लागली तर घाबरू नका, त्यांचा हंगाम संपला. बोंडे कागदावर झटकून बी पुडीत भरा, पुडीवर वर्ष आणि बांधाचे नाव लिहा. उरलेले बी सड्यावर नेऊन टाकू नका, ज्या बांधावरून आणले तिथेच परत टाका.