आठ वारांची ऊब

परवा रात्री एडिंबरोहून माझ्या पुतण्याचा फोन आला. तेथे तो नोकरीला आहे. येत्या डिसेंबरात त्याच्या एका स्कॉटिश मित्राचे लग्न असून सर्व मित्रांनी किल्ट नेसायचा असे ठरले आहे. स्वारी घाबरली होती. "काका, त्या थंडीत उघड्या गुडघ्यांनी उभा कसा राहू? आजोबांना धोतरात थंडी वाजत नसे का हो?"

आता शुक्रवार पेठेत बसून स्कॉटलंडच्या थंडीवर मी काय सल्ला देणार! आमच्या सोलापुरात पारा पंधरा अंशांवर आला की घरोघर कानटोप्यांची शोधाशोध सुरू होते. पण विषय येवो न येवो, तास घेण्याची मास्तरांना सवयच असते. चार पुस्तके चाळून मी दुसऱ्या दिवशी त्याचा तास घेतला.

पुरत्या किल्टला सुमारे आठ वार लोकरी कापड लागते. म्हणजे आमच्या आजीच्या लुगड्याहून एकच वार कमी! फरक इतकाच की आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे. त्या घड्यांत हवा कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा हीच खरी ऊब. दुलईतला कापूस तरी दुसरे काय करतो? पायांत जाड लोकरी मोजे थेट गुडघ्याखालपर्यंत. उरले दोन गुडघे! त्याला म्हटले, "वारा असेल तर आत लोकरी चड्डी खुशाल घाल. मोजे भिजले तर लगेच बदल. थंड दगडावर बसू नकोस, आणि एका जागी उभाही राहू नकोस."

पूर्वीचा किल्ट तर कमरेला पट्ट्याने आवळलेले लांबरुंद लोकरी वस्त्रच असे. दिवसा नेसायचे, रात्री तेच पांघरायचे. आमच्या सांगोल्याकडच्या धनगराला यात नवल वाटणार नाही. पाय उघडे असले तरी खांद्यावर घोंगडी आहे ना!

१७४५ च्या बंडानंतर ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून तेथल्या डोंगरी लोकांचा हा वेष बंद केला. १७४६ चा हा कायदा १७८२ साली रद्द झाला. तो काही त्यांना थंडी वाजेल म्हणून केलेला नव्हता!

हे वाचले आणि मला अण्णा आठवले.

अण्णा जन्मभर धोतर नेसले. थंडीच्या सकाळी ओट्यावरच्या उन्हात गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, वरून जाड सोलापुरी चादर. एका वर्षी मी त्यांच्यासाठी लोकरी विजार आणली. म्हणालो, "अण्णा, यंदा थंडी फार आहे." त्यांनी ती मुकाट्याने घातली. पण त्या दिवशी ते ओट्यावर आले नाहीत. आत कॉटवर बसून राहिले. संध्याकाळी माझे कॉलेजातले स्नेही चहा घेऊन गेल्यावर त्यांनी हळूच विचारले, "गेली का रे मंडळी? मग आता धोतर नेसू?"

मी काय बोलणार? थंडी त्यांना वाजत नव्हती. लाज मला वाटत होती.

पुतण्याला मोजे आणि चड्डी सांगितली, ही गोष्ट मात्र सांगवली नाही. तुम्हांला सांगतो. दिवाळी झाली की थंडी पडेलच. घरात धोतर नेसणारे कोणी वडील असतील तर त्यांच्या अंगावर आणखी एक चादर घाला. विजार त्यांनी मागितली, तरच आणा.